आरामात ठेवलेला हात

आमच्या दवाखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर ओळखीचे लोक सुट्टीच्या दिवशीही खोकल्याचं औषध मागायला घरी येतील. वणी तालुक्यातला, राजूरच्या कोळसा खाणींपासून जवळचा एक सरकारी दवाखाना, एवढं पुरे. तिथे मी कारकून आहे. एकोणतीस वर्षं झाली. या काळात मी स्वतः कुणालाही बरं केलेलं नाही, पण बरे झालेल्यांचे कागद मीच केलेले आहेत.

कागदांमध्ये सगळ्यात कटकटीचा रकाना म्हणजे ओळखीची खूण. नोकरीला लागायचं असो की शाळेच्या स्पर्धेला जायचं असो, प्रकृती ठीक असल्याचा दाखला लागतो आणि त्यावर अंगावरची एखादी खूण लिहावी लागते. डॉक्टरांना वेळ नसतो, आणि मला लोकांचे शर्ट वर करून पाहण्याची हौस नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. खूण ड्रेसरने सांगायची आणि मी लिहायची. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, टाके काढणारा माणूस. आमचे ड्रेसर मुख्तारभाई.

मुख्तारभाई उंच, वाळलेले, आणि आवाजाने दवाखान्यापेक्षा मोठे. माणूस दारात आला की ते माझ्या टेबलाकडे न पाहता ओरडत, "लिहा रामरावजी, डाव्या गुडघ्यावर जुना व्रण, दीड इंच!" मी लिहायचो. तपासायचो नाही. तपासायची गरज कधी पडली नव्हती. एखाद्याच्या अंगावर काहीच सापडलं नाही, तर तो माणूस त्यांना संशयास्पद वाटायचा. "चाळीस वर्षाचा झाला अन् अंगावर एक टाका नाही? केलं काय बाप्पा तू आतापर्यंत?" असं ते तोंडावर विचारत. तो बिचारा शरमून जायचा आणि लहानपणी झाडावरून पडल्याचं काहीतरी आठवून सांगायचा.

चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. एकदा वणीच्या बाजारात झरी जामणीकडच्या एका माणसाने त्यांना रामराम केला. मुख्तारभाई कोऱ्या चेहऱ्याने पाहत राहिले. त्या माणसाने न रागावता पायजमा वर करून पोटरी दाखवली. लगेच मुख्तारभाईंचा चेहरा उजळला. "अरे, कुऱ्हाड! दोन हजार अकरा! अकरा टाके. पाणी लावू नको म्हणलं होतं, तरी लावलंतं तू." मग दोघांनी चहा घेतला. नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

शिक्षण म्हणाल तर दहावी. पण व्रणांच्या बाबतीत नवे डॉक्टरही त्यांना हळूच बाजूला घेऊन विचारत. राजूरच्या खाणीतून निवृत्त झालेले किसनराव यांच्या भुवईवर एक निळा व्रण आहे. खाणीत लागलं की जखमेत कोळशाची भुकटी जाते, नीट धुतली नाही तर वरून कातडी बंद होते आणि निळा रंग आत कायमचा मुक्कामाला राहतो. किसनरावांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मुलाने हट्ट धरला, की फोटोत हे बरं दिसणार नाही, काढून टाका. किसनराव घाबरून मुख्तारभाईंकडे आले. घाबरायचं कारण वेगळंच होतं. पेन्शनच्या कागदावर ओळखीची खूण म्हणून हाच व्रण लिहिलेला होता.

"लेझरनं फिका होते," मुख्तारभाई म्हणाले. "नागपूरले पाचसहा खेपा माराव्या लागते. पूरा जाईनच असं नाही. पण तुमाले काढाचा हाय का?"

"मले कायले काढाचा?"

"मंग झालं. ज्याचा व्रण थो ठरवीन. पोट्ट्याले म्हणा, फोटोत तू नीट दिस."

किसनराव फोटोत व्रणासकट आले. पेन्शनही चालू आहे.

दुसरे बबनराव. कापूस-सोयाबीनवाला माणूस, स्वभावाने घाईचा. त्यांच्या छातीवर पुटकुळीच्या जागी एक गाठोळी आली आणि वाढत गेली. चकचकीत, टणक आणि सारखी खाजणारी. बबनरावांनी ती एका फिरत्या वैदूकडून ब्लेडने उडवून घेतली, आणि आठ महिन्यांत ती दुप्पट होऊन परत आली. तेव्हा ते आमच्याकडे आले. मुख्तारभाईंनी त्यांना समजावलं ते शब्द मी अजून विसरलेलो नाही. "हे पाहा बबनराव. जखम भरून आली अन् व्रण उंच झाला, पण आपल्याच वावरात राह्यला, तर थो बरा. वर्ष-दोन वर्षात बसून जाते. पण तुमचा हा धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात घुसून राह्यला. याले केलॉइड म्हणते. याले नुसता कापला की हा चिडते. याले आतून इंजेक्शन मारून घेत जा, महिन्या-महिन्यानं, अन् वरून सिलिकॉनची पट्टी. हा दबते, पण कोणाची जमीन वापस देत नाही." धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात बबनरावांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे त्यांना रोग लगेच कळला. इंजेक्शनं त्यांनी सात महिने घेतली आणि गाठोळी निम्म्यावर आली.

मुरुमांचे खड्डे घेऊन येणाऱ्या पोरापोरींना ते सांगत, की वरून मलम चोपडून खड्डा भरत नाही. नागपूरला सुयांनी किंवा लेझरने चार-सहा खेपांत उथळ करून देतात, पण गाल आरशासारखा करून देतो असं जो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. ताज्या व्रणाला नाव ठेवू नका, तो वर्षभर लाल राहतो, खाजतो, मग आपोआप निवळतो; तोवर ऊन लागू देऊ नका आणि खोबरेल तेलाने चोळत जा. हे सगळं ते फुकट सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की आपल्याला रागावत आहेत.

पण खरे रागावत ते भाजलेल्यांवर. म्हणजे भाजलेल्यांच्या नातेवाइकांवर. कुणी टूथपेस्ट फासून आणायचं, कुणी शाई, कुणी हळद. "हातावर दात उगवले का?" असं विचारून ते जखम धुवायला घेत. आणि जखम सांध्यापाशी असली, की मग त्यांच्यासारखा निर्दय माणूस जिल्ह्यात नव्हता. कोपर, गुडघा, मान, बोटं, काहीही असो, ते सरळ करून फळीवर बांधत. फळ्या आंब्याच्या पेट्यांच्या. वर कापूस. (कापसाच्या जिल्ह्यात आम्हाला कापूस दुसऱ्या जिल्ह्यातून बंडलात बांधून यायचा, पण ते असो.) लेकरू किंचाळायचं, आई पदर तोंडात धरायची, आणि मुख्तारभाई गाठ मारता मारता आपलं ठरलेलं वाक्य म्हणत, "आरामात ठेवलं का आखडते."

त्याचा अर्थ असा. भाजलेला माणूस सांधा दुमडून ठेवतो, कारण दुमडला की दुखत नाही. पण कातडी भरून येताना ओढत येते. सांधा दुमडलेला असला तर ती तशीच दुमडून भरते, आणि मग सांधा उघडत नाही. याला आखडलेला व्रण म्हणतात. लहान लेकराचं तर हाड वाढतं आणि व्रण वाढत नाही, म्हणजे दरवर्षी आणखी आखडतं. म्हणून रडू द्यायचं आणि सरळ बांधायचं. आसपासच्या गावांतल्या आया दंगेखोर पोरांना मुख्तारभाईंचं नाव सांगून भीती घालत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

आता गझालाचं सांगतो. गझाला मुख्तारभाईंची नात, मुलीची मुलगी. त्यांना ती नाना म्हणते. मुख्तारभाईंची मुलगी शेजारच्याच गल्लीत दिलेली, जावई गॅरेजवाला. दोन हजार सतराच्या हिवाळ्यात मुलीचं दुसरं बाळंतपण होतं म्हणून सहा वर्षांची गझाला नाना-नानीकडे राहायला होती. नानी म्हणजे हुस्नाबी. एके दुपारी हुस्नाबींनी तुरीच्या वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, शेगडीवरून उतरवून खाली ठेवला, आणि भात पाहायला वळल्या. गझाला चेंडूमागे धावत आली. गंज कलंडला, आणि उकळतं वरण तिच्या उजव्या हातावर गेलं. वरण पाण्यासारखं निथळून जात नाही. ते चिकटून बसतं.

मुख्तारभाई घरीच होते. त्यांनी हात वीस मिनिटं नळाखाली धरला. टूथपेस्ट नाही, शाई नाही, सगळं पुस्तकात असावं तसं केलं. शेजारचे म्हणाले, दवाखान्यात न्या, भरती करा. मुख्तारभाई म्हणाले, "तिथं पट्टी कोण करते? मीच ना?" मग ते घरीच पट्टी करू लागले. आम्हाला दवाखान्यात इतकंच कळलं, की नातीला थोडं भाजलं आहे आणि ठीक आहे. ज्याने हजार लोकांच्या पट्ट्या केल्या त्याला कोण विचारणार?

पुढच्या मे महिन्यात ते गझालाला घेऊन दवाखान्यात आले. शाळेच्या कसल्याशा निवासी शिबिराचा फॉर्म होता. बाहेर शेहेचाळीस अंश. माणसं बनियनवर फिरत होती, आणि त्या पोरीने मनगटापर्यंत बाह्या असलेला स्वेटरच्या कापडाचा कुडता घातला होता. उजवा हात तिने पोटाशी धरलेला होता, पुस्तक धरतात तसा. पुस्तक नव्हतं.

"ओळखीची खूण?" मी विचारलं.

मुख्तारभाई नेहमीसारखे ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मानेवर तीळ."

मी बाहीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर कडुलिंबाकडे पाहत होते.

"हात दाखवता का, मुख्तारभाई?"

"तीळच लिहा, रामरावजी."

मी तीळ लिहिला. मान पाहिली नाही, हातही पाहिला नाही, शिक्का मारला. मला सगळं समजलं होतं आणि मी शिक्का मारला. या गोष्टीतला माझा वाटा तेवढाच आहे आणि त्याची मला लाज वाटते.

दीड वर्ष तसंच गेलं. हात कोपरात काटकोनात अडकलेला होता. घास तोंडाशी जायचा, पाटी लिहिता यायची, म्हणून लोकांच्या लवकर लक्षात येत नसे. पण दोरीवर कपडा टाकता येत नव्हता. सायकलचं एकच हँडल हाताला लागायचं, तेव्हा सायकल सुटली. वर्गात उत्तर येत असलं की ती हात वर करायची, तो डोक्यावर आडवा यायचा. बाईंना वाटायचं पोरगी केस सारखे करते आहे. त्यांनी तिला कधी विचारलं नाही, आणि गझालाने पुढे हात वर करणं सोडून दिलं. हे मला पुढे हुस्नाबींनी सांगितलं तेव्हा मला त्या बाईंचा, मुख्तारभाईंचा आणि माझा स्वतःचा सारखाच राग आला.

बबनरावांच्या नजरेला मात्र हात पडला. त्यांनी आपल्या परीने भलंच सुचवलं. "मुख्तारभाई, हात तसाच ठेवा. अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा. पोरीची नोकरी पक्की समजा." मुख्तारभाई त्यांच्या छातीवरची पट्टी बदलत होते. त्यांनी ती एका झटक्यात, केसांसकट उपटली. त्या दिवसापासून बबनरावांनी सल्ला देणं बंद केलं.

मग आमच्याकडे डॉक्टर सुरभी रुजू झाल्या. वय अठ्ठावीस, बोलणं मोजकं. एका दुपारी गझाला नानाचा डबा घेऊन आली. डब्याची पिशवी डाव्या हातात. डॉक्टर सुरभी वऱ्हांड्यातून जाता जाता थांबल्या, बाही वर सरकवली, कोपर उघडून पाहिलं, जेवढं उघडलं तेवढं. आत मांसल दोरीसारखा ताठ पट्टा उभा राहिला. पट्टीच्या रांगेत तेरा-चौदा माणसं बसली होती.

"हा हात दुमडून कुणी बांधला?"

मुख्तारभाई म्हणाले, "घरी."

"घरी कुणी?"

"होता कोणीतरी."

"त्या माणसाला तुमच्याकडे शिकायला पाठवा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. रांगेतल्या चारजणांना माहीत होतं. ते चौघं आपापल्या चपलांकडे पाहत बसले.

त्याच दिवशी त्यांनी मुख्तारभाईंना खोलीत बसवून सगळं सांगितलं. मी कागद घेऊन उभा होतो. हात सुटू शकतो. आखडलेला पट्टा कापून सोडवावा लागेल, त्याची दिशा मोडण्यासाठी आडवे-तिरपे छेद घेतात, उघडी पडलेली जागा मांडीची कातडी लावून भरतात. हे नागपूरला होईल. उशीर केला तर आतला सांधाच ताठरेल, मग नुसत्या कातडीच्या ऑपरेशनने भागणार नाही. "पण ऑपरेशन म्हणजे निम्मं काम," त्या म्हणाल्या. "नंतर सहा महिने ते वर्षभर हात सरळ फळीवर, रोज व्यायाम, सिलिकॉनची पट्टी, मालिश. लावलेली कातडीही आखडते. घरच्यांनी ढिलाई केली तर हात पुन्हा इथेच येईल, आणि दुसऱ्यांदा सोडवणं आणखी कठीण. घरी कोण बांधेल?"

मुख्तारभाई आपल्याच हातांकडे पाहत राहिले. पस्तीस वर्षं फळ्या बांधलेल्या माणसाला हा प्रश्न अवघड जावा, याचं डॉक्टरांना आश्चर्य वाटलेलं दिसलं.

नोव्हेंबरात आम्ही बसने नागपूरला निघालो. गझाला आणि तिची आई पुढच्या सीटवर, मुख्तारभाई आणि मी मागे. मी सोबत गेलो कारण मोठ्या दवाखान्यात कुठला कागद कुठल्या खिडकीवर चालतो ते मला कळतं. जांब आलं तेव्हा ते एकदम म्हणाले, "रामरावजी, बावीस दिवस."

"काय बावीस दिवस?"

"पयल्या दिवशी मी फळी बांधली. पोरगी अशी रडली का मले आयकू आलं नाही. म्हणजे आयकू आलं, पण..." ते थांबले. "हुस्ना म्हणे, काहून लेकराले छळता, उद्या बांधा. मी सोडली. हात दुमडून गळ्यात झोळी देल्ली. तशी झोपली पोरगी. मस्त झोपली. मी म्हणलं उद्या बांधू. दुसऱ्या दिवशी म्हणलं उद्या बांधू. बावीस दिवस. जखम अशी भरली का एक थेंब पू नाही. अन् हात उघडला नाही."

बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या.

"लोकाईची लेकरं रडली, मी बांधलं," ते म्हणाले. "हे तिले सांगू नका. तिले वाटते वरणानं झालं."

मी शब्द दिला.

ऑपरेशन नीट झालं. आम्ही परत आलो, जानेवारीत मुख्तारभाई निवृत्त झाले, आणि मार्चमध्ये करोनामुळे सगळं बंद पडलं. बस नाही, नागपूर नाही, तपासणी नाही. डॉक्टर सुरभी फोनवर कोपराचे फोटो मागवायच्या. बाकी जे काही व्हायचं ते मुख्तारभाईंच्या घरात, त्यांच्या हातांनी व्हायचं होतं.

मी दोन गल्ल्या सोडून राहतो. संध्याकाळी भाजीच्या निमित्ताने जायचो. त्यांच्या ओसरीच्या भिंतीत एक खिळा ठोकलेला होता. गझालाने खांदा भिंतीला टेकवून उभं राहायचं आणि बोटं खिळ्याला लावायची. लागली की त्या रविवारी खिळा एक बोट लांब सरकायचा. रोज वीस मिनिटं हा खेळ, मग मालिश, मग सिलिकॉनची पट्टी, मग फळी. खिळा लांब होता तेव्हा ती रडायची. सुरुवातीला सारखी रडायची. हुस्नाबी त्या वेळेला मुलीकडे जाऊन बसत. एकदा त्या मला गल्लीच्या तोंडाशी कानावर ओढणी दाबून उभ्या दिसल्या. "वीस मिनिट झाले का?" त्यांनी विचारलं. बाराच झाली होती. मी झाले म्हणून सांगितलं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

मुख्तारभाई खाटेवर घड्याळ घेऊन बसत आणि पोरीला लोकांचे व्रण सांगत. कुऱ्हाडवाला, निळा किसनराव, धुरा ओलांडणारे बबनराव. आवाज एकदम सपाट. ते रडत होते असं मी म्हणणार नाही. चष्मा पुसत होते. वीस मिनिटांत चष्मा इतक्या वेळा मळत नाही.

"नाना, आज नको," ती म्हणायची.

"आजच," ते म्हणत.

एकदाही त्यांनी उद्या म्हटलं नाही. मी लक्ष ठेवून होतो. खरं सांगायचं तर मी भाजीसाठी जातच नव्हतो. ते ढिले पडले तर ओरडायला कुणीतरी असावं म्हणून जात होतो. ओरडायची वेळ आली नाही.

भिंतीवर खिळ्याची सोळा भोकं आहेत. सतरावं झालं नाही. हात पूर्ण सरळ होत नाही, शेवटी थोडा बाक राहतो, आणि तो राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मांडीवर जिथून कातडी घेतली तिथे फिकट चौकोन आहे. कोपरातला व्रण अजून हिवाळ्यात खाजतो. पण दोरीवर कपडा पडतो, आणि सायकलची दोन्ही हँडलं हाताला लागतात. शाळा उघडल्यावर तिने वर्गात पहिल्यांदा हात वर केला तेव्हा नव्या बाईंनी तिला विचारलं आणि तिचं उत्तर चुकलं. हुस्नाबींनी त्या आनंदात शेजाऱ्यांना शिरा वाटला.

मुख्तारभाई आता पासष्टचे आहेत. दर मंगळवारी दवाखान्यात येतात, पगार नाही, फक्त सांध्यावर भाजलेल्यांच्या फळ्या बांधतात. नव्या ड्रेसरने आधी कुरकुर केली, मग शिकून घेतलं. गेल्या महिन्यातल्या मंगळवारी विजयमाला नावाची बाई आपल्या चार वर्षांच्या रजतला घेऊन आली. आंघोळीच्या कढत पाण्यात पोराचा पाय पडला होता. गुडघ्याच्या मागची सगळी कातडी सोलून निघालेली. मुख्तारभाईंनी पाय सरळ केला, फळी लावली, आणि पट्टी गुंडाळायला घेतली. रजतने जो टाहो फोडला तो माझ्या टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यातही दिसला.

"सोडा हो, बाबा," विजयमाला हात जोडून म्हणाली. "मी घरी बांधतो. उद्या बांधतो. हा झोपला का बांधतो."

मी मान वर केली. मुख्तारभाईंचे हात थांबले होते. गाठ अर्धी मारलेली होती आणि एक बोट तिच्या फेऱ्यात अडकलेलं होतं, घट्ट करायला की सैल करायला, ते मला कळेना. त्यांनी आपलं ठरलेलं वाक्यही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना असं पाहत होतो, आणि मला भीती वाटली.

दारात गझाला उभी होती. चौदा वर्षांची, घामेजलेली, हातात एक फॉर्म. सायकल बाहेर. ती आत आली, विजयमालाच्या समोर उकिडवी बसली आणि उजवी बाही खांद्यापर्यंत वर केली.

"मावशी, हे पाहा. रडू द्या त्याले."

विजयमाला त्या व्रणाकडे पाहत राहिली.

"माह्या नानानं मले पयल्या वक्ती रडू देल्लं नाही," गझाला म्हणाली. आवाज नानासारखाच सपाट. "बावीस दिवस मी मस्त झोपली. मंग दोन वर्ष हात उघडला नाही. दुसऱ्या वक्ती रडू देल्लं. तवा उघडला."

मी मुख्तारभाईंना शब्द दिला होता आणि तो मी पाळला होता. बावीस हा आकडा तिला कुणी सांगितला, मला माहीत नाही. बहुतेक कुणीच नाही. सहा वर्षांच्या पोरीला आपण किती दिवस झोळीत होतो ते मोजता येतं, आणि आपल्याला वाटतं तिला वरण तेवढं आठवतं.

मुख्तारभाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. गाठ घट्ट ओढली, दुसरी मारली, आणि रजतच्या पायाच्या अंगठ्याला हलकेच चिमटा काढून रक्त फिरतंय ना ते पाहिलं. पोरगं किंचाळत होतं. विजयमाला रडत होती. मुख्तारभाई चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले, आणि या वेळी त्यांनी तो परत घालायची घाई केली नाही.

गझालाने तिचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. तालुक्याच्या सायकल शर्यतीचा होता. नाव, वय, शाळा भरलेलं. एक रकाना रिकामा. मी पेन उघडलं आणि जुन्या रीतीप्रमाणे ड्रेसिंगच्या टेबलाकडे तोंड करून विचारलं, "ओळखीची खूण?"

"लिहा," मुख्तारभाई म्हणाले. कितीतरी वर्षांनी ते पूर्वीसारखे असे ओरडले, की वऱ्हांड्यातली माणसं वळून पाहू लागली. "उजव्या कोपरात, आतून, आडवा-तिरपा व्रण, चार इंच. भाजल्याचा."

मी लिहिलं. जुन्या फॉर्मची नक्कल माझ्या फायलीत होतीच, म्हणून दुसरी खूणही लिहून टाकावी असं वाटलं.

"अन् मानेवरचा तीळ?"

"तीळ नव्हताच, रामरावजी."